गॉलिश मृत्पात्रलेख
गॉलिश मृत्पात्रलेख : प्राचीन गॉलमधील (सध्याचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) केल्टिक लोकांनी मातीच्या भांड्यांवर टोकदार साधनाने खरवडून लिहिलेले लेख. गॉलिश ही केल्टिक भाषासमूहातील एक मृत भाषा असून तिचे वाङ्मय उपलब्ध नाही. द्रूइद पुरोहित आपली विद्या लेखनबद्ध करीत नसत, मात्र सार्वजनिक व खाजगी हिशेबांसाठी ग्रीक लिपी वापरली जाई, असे जूलियस सीझरने (इ. स. पू. १००–४४) नमूद केले आहे. त्यामुळे ह्या भाषेच्या अभ्यासात शिलालेख व शिशाचे पत्रे यांच्याप्रमाणेच मृत्पात्रलेखांनाही महत्त्व आहे.

दक्षिण गॉलमधील जुने लेख ग्रीक लिपीत असून त्यांत बहुधा केवळ व्यक्तिनामे आढळतात. रोमन अंमल स्थिरावल्यावर लॅटिन लिपी रूढ झाली. ह्या काळातील सर्वांत मोठा लेखसंग्रह फ्रान्समधील मीयो शहराजवळच्या ला ग्रोफसांक येथे मिळाला. तार्न व दूर्बी या नद्यांच्या संगमावरील ह्या स्थळाचे प्राचीन नाव कोंदातोमागुस. इ. स. पहिल्या शतकात येथे तांबड्या चकचकीत भांड्यांची (टेरा सिगिलाटा) प्रचंड प्रमाणावर निर्मिती होत असे. अनेक कुंभारांची भांडी एकाच भट्टीत भाजली जात. एका भट्टीतील भांड्यांची संख्या कधी ३०,००० च्या आसपास जाई. कोणाची किती भांडी आहेत, याची यादी थाळीवर खरवडून ठेवीत. कुंभाराचे नाव, भांड्याचा प्रकार, माप व संख्या असा तिचा साधारण क्रम असे.

ह्या याद्यांचे वाचन सोपे नाही. त्या रोमन घसटी लिपीत असून थाळ्या बहुधा फुटलेल्या आहेत. ह्या लिपीत ‘ई’ हे अक्षर दोन उभ्या रेघांनी लिहीत आणि रोमन अंक दोनही तसाच लिहिला जाई. रेघा नावात आहेत की संख्येच्या रकान्यात, यावरूनच निर्णय करावा लागतो. लॅटिनमध्ये नसलेल्या एका गॉलिश ध्वनीसाठी ग्रीक थीटासारखे किंवा आडव्या रेघेने छेदलेल्या ‘डी’सारखे चिन्ह योजीत. त्याच कुंभारांपैकी अनेकांच्या नावांचे ठसे भांड्यांच्या तळाशी आढळत असल्याने संदिग्ध नावांचे वाचन पडताळता येते.

याद्यांत लॅटिन व गॉलिश शब्दांची सरमिसळ आहे. भांड्यांची नावे बहुतांशी लॅटिन असली, तरी ‘आकेताबुलुम’ (लहान वाटी) यासारखे शब्द स्थानिक उच्चारानुसार बदललेले दिसतात. भट्ट्यांचा क्रम मात्र गॉलिश क्रमवाचकांनी दिला आहे. ‘आल्लोस’ (दुसरा), ‘पिन्पेतोस’ (पाचवा), ‘देकामेतोस’ (दहावा) ही त्यांची काही रूपे होत. अखेरच्या रूपाचे संस्कृत ‘दशम’शी असलेले नाते स्पष्ट आहे. ‘पिन्पेतोस’मधील ‘प’ वेल्शमध्येही आढळतो. आयरिशमध्ये त्या जागी ‘क’ येतो. केल्टिक भाषांच्या वर्गीकरणात हा भेद महत्त्वाचा मानतात. ‘तुथोस’ हा शब्द यादीच्या शीर्षभागी येतो. त्याच्या स्थानावरून त्याचा अर्थ ‘भट्टीचा भरणा’ असा लावतात.

फ्रेदेरिक एर्मे (१९३४) व रोबेर मारीशाल (१९८८) यांचे ग्रंथ ह्या लेखांच्या अभ्यासात आधारभूत ठरले. विद्वानांच्या मौखिक परंपरेबरोबर जी भाषा लुप्त झाली, तिचे क्रमवाचक शब्द अशा रीतीने कुंभारांच्या हिशेबांमुळे टिकून राहिले.