वैशाखातले लाकूड, श्रावणातले कवाड

जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडच्या ज्या पठारी मुलखाला बालाघाट म्हटले आहे, त्या मुलखात, आजच्या वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजा हे गाव वसलेले आहे. या पठारावर वैशाखात हवा पार कोरडी होते आणि आषाढ-श्रावणात तीच ओलाव्याने जड होते. त्यामुळे येथील सुतारकीचा इतिहास हा बव्हंशी या दोन ऋतूंमधील तफावतीमुळे झालेल्या चुकांचा आणि त्या चुका सुधारण्याचा इतिहास आहे.

लाकूड तोडल्यावरही हवेतील ओल घेत आणि सोडत राहते. अंगचा ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते, परंतु हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते, तर रुंदीत मोठे असते. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेने सुमारे पावणेसहा टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के घटते. फूटभर रुंद फळीतील ओलावा आठ टक्क्यांनी कमी झाला, तर तिची रुंदी चार-पाच मिलिमीटरने कमी होऊ शकते, आणि उघडझाप होणाऱ्या झडपेच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

गावाचा सुतार बलुतेदार होता; म्हणजे त्याला कामागणिक दाम न मिळता खळ्यावर धान्याचा वाटा मिळे आणि त्याबदल्यात शेतीच्या अवजारांची वर्षभराची दुरुस्ती त्याच्याकडे असे. या व्यवस्थेने कारागिराला जातीच्या चाकोरीत बांधून ठेवले, हे विसरता येणार नाही. तथापि सैल झालेला सांधा ज्याने जोडला त्याच्याच दारी परत येई, हा तिचा परिणाम विद्येच्या दृष्टीने मोलाचा होता. मृग नक्षत्रापूर्वी वखर, डवरे आणि तिफण दुरुस्तीला येत, तेव्हा लाकूड वर्षातील सर्वांत कोरड्या अवस्थेत असे. त्या वेळी घट्ट ठोकलेला तिफणीचा फण पावसात फुगून अधिकच आवळला जाई. परंतु त्याच दिवसांत चौकटीत नेमके बसवलेले कवाड श्रावणात उंबरठ्याला घासून अडे. याउलट, पावसाळ्यात नेमके बसवलेले कवाड उन्हाळ्यात आकसून फटी दाखवी. एकच फुगणे अवजाराला उपकारक आणि दाराला अपायकारक ठरते, म्हणून काम कोणत्या महिन्यात चालले आहे हे पाहून किती फट ठेवायची ते ठरवावे लागे.

बैलगाडीच्या चाकात हा प्रश्न सर्वांत बिकट होता, कारण तेथे मधला तुंबा, त्यात रोवलेले आरे आणि परीघ घडवणारे वक्र पुठ्ठे हे निरनिराळ्या दिशांनी आकसणारे भाग एका लोखंडी धावेत कोंडलेले असतात. धाव तापवून चढवली आणि पाणी ओतून थंड केली की ती आवळते, पण बाभूळ पुरेशी वाळलेली नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आत सरते आणि धाव निखळते. सैल चाक पाण्यात भिजवून फुगवणे हा तात्पुरता इलाज होता. खरा इलाज म्हणजे बाभूळ वेळेवर तोडणे, पाण्यात बुडवून ठेवणे आणि मग सावलीत सावकाश वाळवणे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आल्यानंतर जी राखीव जंगले उभी राहिली, त्यांत बाभूळबनेही होती आणि शेतीच्या अवजारांना लागणारे लाकूड त्यांतून मिळे.

रुंद फळ्यांच्या कामात सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे फळीला आडवी पट्टी दोन्ही कडांशी पक्की जखडणे. पट्टी लांबीत जवळपास हलत नाही आणि फळी रुंदीत हलते, तेव्हा या ओढाताणीत फळीला मधोमध चीर जाते. पॅनेलच्या दारात या चुकीचे उत्तर रचनेतच आहे: पातळ फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसते आणि खाचेत ठेवलेल्या जागेत फुगते-आकसते. तिला खाचेत चिकटवले की ही सारी योजना व्यर्थ जाते, आणि नव्या काळात नेमके हेच सोपे झाले. पूर्वीचा प्राणिज सरस ओलाव्याने ढिला पडे. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आल्यावर सांधा टणक झाला खरा, पण हलू पाहणाऱ्या फळीला सांध्यात वाव उरला नाही, तेव्हा ती सांध्याशेजारी फाटू लागली.

भारतीय मानक २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याची कमाल मर्यादा ठरवलेली आहे, म्हणजे दमट किनाऱ्यावर चालणारे लाकूड कोरड्या पठारावर तसेच वापरता येत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. घन सागवानाचे टेबल करणारा जाणता कारागीर आजही फळ्या, थरांमध्ये पट्ट्या ठेवून, कामाच्याच जागी काही आठवडे मुरू देतो, आणि वरची पाटी खालच्या चौकटीला जोडताना स्क्रूची भोके गोल न पाडता रुंदीच्या दिशेने लांबट पाडतो.