जुन्या गाडीचं इंजिन अधूनमधून आपोआप रेस का होतं? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. तरीही इंजिनचा आवाज वाढतो, खाली येतो, पुन्हा वाढतो. याला सर्जिंग किंवा हंटिंग म्हणतात. गॅरेजमध्ये आपण म्हणतो, 'आरपीएम वर-खाली होतंय'. दोष कायम असेल तर सापडायला सोपा असतो. अधूनमधून येणारा मात्र खिसा रिकामा करतो, कारण मेकॅनिकसमोर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते.

आमच्या घरी २००६ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. पप्पा तिच्यातून जालना एमआयडीसीत ड्युटीला जातात. तिकडे स्टीलचे कारखाने, त्यामुळे सळयांनी भरलेले ट्रक रस्त्यावर रांगेत उभे असतात. अशा ट्रकच्या मागे क्लच अर्धा सोडून गाडी सरकवताना इंजिन आपोआप रेस झालं, तर पुढे काय होईल हे सांगायची गरज नाही. एकदा गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. तोपर्यंत आम्ही स्पार्क प्लग बदलले होते, थ्रॉटल बॉडी साफ केली होती, आयडल व्हॉल्व्हही नवा टाकला होता. दोष तसाच होता.

आधी समजून घ्या: आरपीएम झोके का घेतं?

ही इंजिनाची जुनी सवय आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेग आवरणारा गव्हर्नर बसवला. पण पुढे काही इंजिनांचा वेग या गव्हर्नरमुळेच झोके घ्यायला लागला. असं का होतं, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये 'ऑन गव्हर्नर्स' या निबंधात मांडलं. सार इतकंच: चूक दुरुस्त करणारी यंत्रणा उशिरा किंवा गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करत असेल, तर ती स्थिर होण्याऐवजी झुलत राहते.

आज गव्हर्नरचं काम ईसीयू करतो. गरम इंजिनाचं आयडल आरपीएम साधारण ७०० ते ९०० असतं. ते टिकवायला ईसीयू आयडल व्हॉल्व्हमधून हवा कमी-जास्त सोडतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. अनेक जुन्या एमपीएफआय गाड्यांमध्ये मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून पेट्रोल ठरतं.

आता समजा मॅनिफोल्डला जोडलेला एखादा रबरी पाईप चिरला. तिथून जास्तीची हवा आत येते, दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतं. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो, तरी चिरेतून हवा येतच राहते. आरपीएम एका मर्यादेपलीकडे गेलं की ईसीयूला वाटतं, पाय सोडलाय आणि गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम धाडकन पडतं, पेट्रोल परत सुरू होतं, आरपीएम पुन्हा चढतं. प्रत्येक भाग आपलं काम बरोबर करतोय, पण सगळे मिळून इंजिन झुलवताहेत.

वही घ्या, पाना नंतर

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कधीतरीच येणारा बग पकडायचा असेल तर पहिलं काम लॉग ठेवणं. गाडीलाही तेच लागू पडतं. मी पप्पांना म्हटलं, "पप्पा, दोन आठवडे कुठलाही पार्ट बदलायचा नाही. गाडी रेस झाली की फक्त लिहून ठेवा." दर वेळी पाच गोष्टी लिहायच्या: सुरू करून किती मिनिटं झाली, गाडी उभी होती की चालू, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं आणि रस्ता कसा होता.

वहीत चित्र स्पष्ट दिसलं. दोष पहिल्या २० मिनिटांत कधीच आला नाही. उभं असताना किंवा हळू सरकताना आला. एसी लावला की बहुतेक वेळा गेला. आम्ही गाडी रोज सकाळी थंड असताना गॅरेजला नेत होतो, म्हणजे दोष दिसणं शक्यच नव्हतं.

लक्षणावरून संशयित

- गरम इंजिन, उभी गाडी: व्हॅक्युम गळती, अडकणारा आयडल व्हॉल्व्ह, मळलेली थ्रॉटल बॉडी.
- हायवेवर एकसारख्या वेगात किंवा चढावर झटके: तुंबलेला फ्युएल फिल्टर, थकलेला पंप. टाकी कमी असताना त्रास वाढत असेल तर पंपाकडे आधी बघा.
- पेडलच्या एकाच ठराविक जागी झटका: झिजलेला थ्रॉटल पोझिशन सेन्सर. मल्टिमीटर लावून पेडल सावकाश दाबा. व्होल्टेज साधारण ०.५ पासून ४.५ पर्यंत सलग चढायला हवं. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला.
- खड्ड्यात किंवा हेडलाइट लावल्यावर: सैल अर्थिंग, गंजलेला कनेक्टर.
- फक्त थंड असताना: कूलंट तापमान सेन्सर.
- सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर दोन्ही इंधनांवर चालवून बघा. दोष फक्त गॅसवर येत असेल तर किट तपासा.

तपासणीचा क्रम

१. एरर कोड वाचा. एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांत ओबीडी-२ असतं, तिथे साधा ब्लूटूथ स्कॅनर चालतो. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीचा स्कॅनर लागतो. पण कोड आला नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. फाटलेल्या पाईपला सेन्सर नसतो.

२. दोष येईल त्याच अवस्थेत गाडी न्या. आमच्यासाठी याचा अर्थ २५ मिनिटं चालवून, एसी बंद करून.

३. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डचे रबरी पाईप एकेक करून दाबा. पकडीच्या दातांना कापड गुंडाळा, नाहीतर जुना पाईप तिथेच तुटेल. पाईप दाबल्यावर आरपीएम शांत झालं, तर गळती दाबलेल्या जागेच्या पलीकडे आहे.

४. मग अर्ध्या-अर्ध्यात शोधा: पाईप, त्याचं टोक, त्याला जोडलेला भाग.

एक ताकीद. गळती शोधायला काही जण गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात. एका ठिणगीने आग लागू शकते, तसं करू नका. फॅन, बेल्ट आणि सैल बाह्या यांचंही भान ठेवा.

आमच्या गाडीत काय निघालं?

गॅरेजच्या चाचांनी गरम गाडीवर तिसरा पाईप दाबला आणि इंजिन एकदम शांत झालं. "हे बघ बाळा, इथंय," ते म्हणाले. तो ब्रेक बूस्टरचा पाईप होता. बूस्टरकडचं टोक काढून बंद केलं तरी आरपीएम झुलत राहिलं, म्हणजे बूस्टर ठीक आणि पाईपच दोषी. खालच्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी चीर होती. थंड असताना ती मिटलेली राही, रबर तापून मऊ झालं की उघडे. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल तोडण्याची मर्यादा वर असते, म्हणून सकाळी काहीच जाणवत नसे. एसी लावल्यावर इंजिनावर भार येऊन आरपीएम त्या मर्यादेखाली राहत होतं.

घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. याच पाईपमधल्या व्हॅक्युममुळे ब्रेक हलका लागतो. तो पूर्ण फाटला असता तर पेडल दगडासारखं झालं असतं, तेही ट्रकच्या मागे. तुमचा बूस्टर असा तपासा: इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी बाहेर काढू नका.

नवा पाईप आधी बदललेल्या पार्टांपेक्षा कितीतरी स्वस्त पडला. पण लगेच 'झालं' म्हणालो नाही. वही आणखी दोन आठवडे चालू ठेवली: तीच ड्युटी, तोच रस्ता, एसी बंद. पान कोरं राहिलं, तेव्हाच दोष गेला असं मानलं.

तुमच्या गाडीला हा त्रास असेल तर गॅरेजला जाताना "गाडी रेस होते" एवढंच सांगू नका. कधी होते, कधी होत नाही आणि कशाने थांबते, हे लिहून न्या. चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं.