मांजरपाटाचं पोलकं आणि एक खोडलेलं वाक्य

माझ्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं : ‘विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या सुशिक्षित मराठी स्त्रियांनी मडमांच्या पोशाखाचं अनुकरण केलं.’ वाचायला बरं वाटतं ना? मार्गदर्शक बाईंनी समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ माझ्याकडे काही जुने फोटो होते. त्यांत नऊवारी लुगडी होती आणि फुगीर बाह्यांची, गळ्याशी लेस लावलेली पोलकी होती. पण फोटो म्हणजे काही उत्तर नव्हे. उत्तराचा काही भाग मिळाला तो लालबागच्या आमच्या घरी, आजीच्या शिवणयंत्रावर. तुमच्यापैकी बरेच जण आता विषय शोधताय आणि साधन म्हणजे फक्त कागद असं समजताय, म्हणून हे सविस्तर सांगते.

आधी काळ पाहू. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात राजा होता. पोशाखाच्या इतिहासात मात्र ‘एडवर्डियन’ हा शब्द पहिल्या महायुद्धापर्यंत ताणला जातो. तेव्हा युरोपात बाईच्या शरीराचा आकार कॉर्सेट ठरवत असे. छाती पुढे, नितंब मागे, आणि बाजूने पाहिलं तर इंग्रजी ‘एस’. ब्लाउजचा पुढचा भाग चुण्या देऊन कबुतराच्या छातीसारखा कंबरेवर झुकवलेला असे. बाही तर सतत बदलत होती. १८९५च्या सुमारास खांद्याशी मोठा फुगा होता, १९००नंतर तो घोळ मनगटाकडे उतरला.

आता मुंबईत या. शिवणयंत्र इथे आधीच पोचलं होतं. सिंगर कंपनीचे हिंदुस्थानातले प्रतिनिधी नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ होते. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन सुरू झालं. बायकांना हाताला काम मिळावं म्हणून तिथे जे शिकवलं जाई, त्यात शिवणही होतं. म्हणजे पोलकं ही फक्त हौस नव्हती. कुणासाठी तरी ती पोटाची सोय होती.

चोळी आणि पोलकं यांत खरा फरक बेतण्यात आहे. खणाची चोळी बहुतेक सरळ तुकड्यांतून निघते. काखेत एक छोटा तुकडा जोडला की हात मोकळा हलतो, आणि कापड फारसं वाया जात नाही. फुगीर बाहीच्या पोलक्याला मात्र गोल मुंढा लागतो, बाहीचा माथा वळणदार कापावा लागतो, आणि त्यासाठी नेमकी मापं किंवा कागदी नमुना हवा.

अमेरिकेत बटरिक यांनी १८६३पासून कागदी नमुने विकायला सुरुवात केली होती. त्या काळच्या पातळ कागदावर रेषा छापलेल्या नसत, नुसती भोकं पाडलेली असत. कुठलं भोक कशासाठी, हे शिवणाऱ्या बाईने ओळखायचं. मी त्या काळातल्या बेतकामाच्या एका पुस्तकातला आराखडा माझ्या मापाने मोठा करून घेतला आणि मंगळदास मार्केटमधून मांजरपाट आणला. चुका स्वस्तात व्हाव्यात, हाच हेतू.

आणि चुका झाल्याच. आपला शिंपी शिवणीसाठी ‘माया’ सोडतो. माझ्या आराखड्यात ती धरलेलीच नव्हती, आणि हे माझ्या लक्षात आलं कापल्यावर. पहिलं पोलकं दंडातच अडकलं. दुसरं नीट झालं, पण कॉर्सेट नसल्यामुळे पुढचा झोल पोटावर लोंबायला लागला. त्यावर नऊवारी नेसून पदर घेतला, तर झोल पदराखाली गोळा झाला आणि वाकून काम करणं अशक्य झालं. तिसऱ्या वेळी मी झोल काढून टाकला, बाही तशीच ठेवली. पदर नीट बसला.

मग परत फोटोंकडे गेले. पदर बाजूला सरकून पोलक्याचा पुढचा भाग दिसतो असे माझ्याकडे दोनच फोटो आहेत. दोन्हींत पुढचा भाग सपाट आहे आणि बाह्या मात्र ऐसपैस! पदराबाहेर जे दिसतं, म्हणजे बाही आणि गळा, तिथेच फॅशन आहे. ही नक्कल नव्हे, निवड आहे.

आणि नमुना तरी मडमेचाच कशावरून? गिरगावकर बाईला मडम रोज भेटत नव्हती. ग्रँट रोडची पारशीण मात्र दिसत होती, आणि ती साडीवर लेसचं पोलकं आधीपासून घालत होती. रंगभूमीही होती. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची घराघरांत नक्कल होई, आणि ‘मानापमान’ १९११चं. म्हणजे माझ्या वाक्यातला ‘मडमांच्या’ हा शब्दही तपासल्याशिवाय ठेवता येत नव्हता.

पण इथे सावध राहा. माझं शरीर आजचं आहे, कापड आजचं आहे, नऊवारी नेसून दिवसभर राबायची मला सवय नाही. मला झोल अडचणीचा वाटला म्हणून १९०५ सालच्या बाईलाही वाटला असेल, असं सिद्ध होत नाही. शिवण्यातून मला पुरावा नाही मिळाला, प्रश्न मिळाला. तो मी फोटोंना विचारला, आणि दोन फोटोंवर जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हटलं. नवं वाक्य असं आहे : ‘उपलब्ध फोटोंत बाही आणि गळा युरोपीय वळणाचा दिसतो, पुढचा भाग मात्र लुगड्याच्या सोयीने बेतलेला असावा.’ जुन्या वाक्याचा रुबाब यात नाही. पण ‘कशावरून?’ला उत्तर आहे.

तुम्हीही करून बघा. घरच्या ट्रंकेत जुनं पोलकं असेल तर घालून बघू नका आणि उसवू तर मुळीच नका. आतली बाजू बाहेर काढून फोटो घ्या. टाके हाताचे की यंत्राचे? माया किती सोडली आहे? पुढे मुलगी वाढेल, बाई अंगाने भरेल, म्हणून शिवणाऱ्याने किती कापड आत राखून ठेवलं, ते मोजा. कुठल्याही दप्तरात ही नोंद सापडणार नाही. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, हे कुणाचं, शिवलं कुणी? मी आजीला हे विचारायला उशीर केला. यंत्र आहे, पण त्यावर पहिलं काय शिवलं गेलं, ते सांगणारं आता कुणी नाही.