तळघरातले घड्याळ

झिंडेलफिंगेनमधल्या अनेक जुन्या घरांच्या तळघरात बॉयलरवर एक घड्याळ दिसते. तबकडीभोवती बारीक खुंट्या. काही हीटिंग कमी करण्याच्या वेळेच्या, काही वाढवण्याच्या. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा या घड्याळावर फार राग. रात्री दहाला रेडिएटर कोमट होतात आणि पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला शाल गुंडाळून बसावे लागते. पण हे घड्याळ घरोघरी आले कसे?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात पश्चिम जर्मनीत चार रविवारी खासगी मोटारी बंद होत्या. डाइमलर-बेन्झच्या आमच्या गावातसुद्धा! मोकळ्या महामार्गांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. टिकाऊ बदल मात्र तळघरात झाला. १९७६ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा आला. त्याखालच्या १९७८ च्या नियमांनी सेंट्रल हीटिंगला बाहेरचे तापमान आणि वेळ पाहून आपोआप उष्णता कमी करणारी यंत्रणा आवश्यक केली. १९८१ च्या नियमांनी बिल बदलले: सामायिक हीटिंगच्या खर्चाचा किमान ५० आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग प्रत्येकाच्या वापरानुसार वाटायचा. माझ्या मते घड्याळापेक्षा या बिलानेच लोकांना अधिक शिस्त लावली. शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीचे पैसे आपण भरायचे, तोवर कोण काटकसर करणार?

सगळीच घड्याळे बचतीसाठी नव्हती. साठच्या दशकात वीज कंपन्यांनी रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवून ठेवणारे हीटर खपवले, ते रात्री वीजकेंद्रांना गिऱ्हाईक मिळावे म्हणून. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी आठवा. तोही भार वाटून देण्याचाच हिशेब.

'रात्री वाचवलेले सकाळी पुन्हा तापवण्यात जाते,' असे आपल्या मेळाव्यांत हमखास ऐकू येते. ते खरे नाही. घरातून निसटणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. घर जितका वेळ थंड, तितकी गळती कमी. पातळ भिंतींच्या जुन्या घरात हा फायदा चांगला मिळतो. नव्या, जाड आच्छादनाच्या घरात मात्र रात्रभरात पारा जेमतेम एखादा अंश उतरतो, मग वाचणार काय? आणि हीट पंप असेल तर सकाळी घाईने घर तापवण्यासाठी पाणी जास्त गरम करावे लागते व पंपाची कार्यक्षमता घसरते. अशा घरात पाहुण्यांना रात्रभर ऊब द्यायला काहीच हरकत नाही.