दोन कपाटांतील वाचन : इलेक्ट्रॉनिकी आणि वर्तनशास्त्र यांच्या भेटीची हकीकत

शताब्दी स्मरणग्रंथासाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्यातील मराठी रंगभूमीवर काही लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मराठीच्या अध्यापकाकडून दुसरे काय मागायचे? तथापि मी जो विषय निवडला आहे तो माझ्या अध्यापनाचा नाही आणि त्यावर लिहिण्याचा अधिकारही मजजवळ नाही. मात्र तो मला याच ग्रंथालयाने दिला, एवढ्या नात्याच्या बळावर हे धाडस करीत आहे.

महाविद्यालयात शिकत असताना, १९८७-८८ च्या सुमारास, मी सायंकाळी येथे देवघेवीच्या टेबलावर मदतीला बसत असे. टपाल खात्यात कारकून असलेले एक सभासद दर शनिवारी येत आणि ठरलेली दोन पुस्तके नेत : एक रेडिओदुरुस्तीचे किंवा इलेक्ट्रॉनिकीचे, दुसरे मानसशास्त्राचे. ड्यूई यांच्या वर्गीकरणात मानसशास्त्राचा क्रमांक १५० आणि इलेक्ट्रॉनिकीचा ६२१.३८. साहजिकच ही दोन कपाटे समोरासमोरच्या भिंतींना होती, आणि हे गृहस्थ चष्मा वर-खाली करीत दोहोंमध्ये येरझारा घालीत. एकदा ग्रंथपालांनी विचारले, “अहो काका, नेमका कशाचा अभ्यास चालला आहे?” “अभ्यास कसला हो, हौस आहे,” ते म्हणाले. “पण या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय?” “तेच तर पाहतो आहे.” आम्ही सारे हसलो. त्या हसण्याची आज थोडी लाज वाटते. कारण हे दोन विषय पूर्वीच एकमेकांना भेटलेले होते आणि ती भेट घडवून आणण्यात हौसेचा वाटा फार मोठा होता, हे मला पुढे वाचनातून कळले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दोन्ही विषय जवळजवळ एकाच वेळी बाळसे धरीत होते. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी निर्वात नलिका, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओतील ‘व्हॉल्व्ह’, सिद्ध केली. लवकरच ली द फॉरेस्ट यांनी तीत तिसरा विद्युतअग्र घातला आणि दुर्बळ संदेश बलवान करण्याची सोय झाली. इकडे रशियात पाव्हलोव्ह कुत्र्यांवर प्रयोग करून अभिसंधानाचे नियम शोधीत होते, आणि १९१३ मध्ये अमेरिकेत वॉटसन यांनी वर्तनवादाचा पुकारा केला. मनात काय चालते हे कोणी पाहिले आहे? बाहेरून दिसते ते वर्तन. चेतक कोणता आणि प्रतिसाद कोणता एवढेच मोजा, असा त्याचा रोख होता. या शिस्तीमुळे मानसशास्त्र प्रयोगशाळेत स्थिरावले हे खरे. परंतु चेतक आणि प्रतिसाद यांच्यामध्ये जे काही घडते त्याची जागा कोरीच राहिली. ती कोरी जागा भरण्याची एक वाट पुढे रेडिओच्या सुट्या भागांतून निघाली.

याला कारण झाले दुसरे महायुद्ध. विमानांचा वेध घेणाऱ्या रडारसाठी ब्रिटनने असंख्य तरुण शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉनिकीच्या कामाला जुंपले; त्यांत शरीरक्रियाशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे अभ्यासकही होते. युद्ध संपल्यावर ही मंडळी आपापल्या विषयांकडे परतली ती हातात नवे कसब घेऊन. शिवाय सैन्याला नकोशी झालेली यंत्रसामग्री, म्हणजे नलिका, रिले, छोट्या मोटारी, बाजारात स्वस्तात येऊ लागली. ज्याच्या घरी एक टेबल आणि डाग देण्याची कैया होती, त्याला प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

या काळातील पहिली लक्षणीय व्यक्ती म्हणजे रॉस अ‍ॅशबी (१९०३–१९७२). ते मनोविकारतज्ज्ञ होते. १९२८ पासून त्यांनी एक खाजगी टिपणवही ठेवण्यास आरंभ केला. प्राणी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतो, हे केवळ यंत्राच्या भाषेत सांगता येईल काय, हा एकच प्रश्न ते वर्षानुवर्षे त्या वह्यांत उलटसुलट तपाशीत राहिले. मृत्यूपर्यंत अशा २५ वह्या झाल्या. त्यांतून जे यंत्र अखेर उभे राहिले ते १९४८ चे ‘होमिओस्टॅट’. वॉल्टर कॅनन यांनी शरीराच्या समस्थितीला, म्हणजे ताप, रक्तातील साखर इत्यादी ठराविक मर्यादेत राखण्याच्या प्रवृत्तीला, जे नाव दिले होते त्यावरून हे नाव आले.

हे यंत्र दिसायला अगदीच ओबडधोबड होते. विमानदलाच्या मोडीतील सामग्रीतून केलेले चार सारखे संच. प्रत्येकावर एक फिरता चुंबक, आणि प्रत्येकाचा विद्युत्प्रवाह उरलेल्या तिघांना जाऊन पोचणारा. एका संचाचा काटा हलला की चारही हलत. काटा मर्यादेबाहेर गेला तर टेलिफोन केंद्रात वापरतात तसा एक निवडक-स्विच आपोआप एक घर पुढे सरके आणि जोडणी बदले. त्या स्विचला २५ घरे होती. चार संच मिळून ३,९०,६२५ जोडण्या झाल्या. नवी जोडणीही जमली नाही तर स्विच पुन्हा सरके, आणि चारही काटे मध्यावर स्थिरावेपर्यंत हा खटाटोप चाले. अ‍ॅशबी मुद्दाम तारा उलट्या लावीत, काटा हाताने अडवून धरीत. तरी यंत्र धडपडत नवी स्थिरता शोधून काढी. चुका करीत करीत जुळवून घेणे, ज्याला आपण सजीवाचे लक्षण मानतो, ते चार डब्यांतून घडताना डोळ्यांना दिसत होते. पुढे १९५२ मध्ये त्यांनी हा सारा विचार ‘डिझाइन फॉर अ ब्रेन’ या ग्रंथात मांडला.

दुसरी व्यक्ती विल्यम ग्रे वॉल्टर (१९१०–१९७७). ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद घेणे हा त्यांचा व्यवसाय. मेंदूतील गाठीची जागा लहरींवरून ओळखता येते, हे त्यांनी १९३६ मध्येच दाखविले होते. परंतु १९४८-४९ मध्ये पत्नी व्हिव्हियन डोव्ही यांच्या साथीने त्यांनी घरी, फावल्या वेळात, जी दोन यंत्रे बनविली, त्यांनी त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. कवच पांघरून जमिनीवर हळूहळू फिरणारी ती दोन यंत्रकासवे : एल्मर आणि एल्सी.

त्यांची रचना ऐकून आजही आश्चर्य वाटते. दोन निर्वात नलिका, दोन रिले, दोन मोटारी आणि दोन ज्ञानेंद्रिये, बस्स. एक मोटार पुढचे चाक चालवी, दुसरी ते सतत वळवीत ठेवी. त्या चाकाच्या दांड्यावर प्रकाशघट बसविलेला असल्याने कासवाचा डोळा चालण्याच्या दिशेलाच पाही. अंधारात ते गोल गोल शोध घेत भटके. मंद प्रकाश दिसला की वळणारी मोटार थांबे आणि कासव प्रकाशाकडे निघे. प्रकाश फारच प्रखर झाला की ती मोटार पुन्हा सुरू होऊन ते बाजूला वळे. कवच कोठे आपटले तर विद्युन्मंडल आंदोलू लागे. मग आळीपाळीने रेटत आणि वळत ते अडथळ्यातून सुटका करून घेई, आणि तेवढा वेळ त्याला प्रकाश ‘दिसत’ नसे. बॅटरी उतरली की त्याची संवेदनक्षमता मंदावे. मग जो प्रखर दिवा आधी नकोसा होता तोच हवासा होई, आणि कासव त्या दिव्याखालच्या आपल्या घरकुलात शिरून बॅटरी भरून घेई. वॉल्टर यांनी कवचावर मेणबत्त्या लावून अंधारात दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याने या भ्रमंतीचे मार्ग टिपले. ती छायाचित्रे पाहताना हा प्रवास यंत्राचा, असे मन सहजी मान्य करीत नाही.

यामागे एक गंभीर प्रश्न होता. मेंदूची करामत त्यातील पेशींच्या अफाट संख्येत आहे, की त्यांच्या परस्परांतील जोडणीत? दोनच ‘पेशी’ घेऊन एवढे विविध वर्तन दिसत असेल, तर जोडणीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, हा वॉल्टर यांचा निष्कर्ष. पुढे त्यांनी ‘कोरा’ नावाचे मंडल रचले. शिटी आणि दुसरा एखादा चेतक पुन्हापुन्हा एकत्र दिले की यंत्र पुढे नुसत्या शिटीला प्रतिसाद देई. पाव्हलोव्ह यांचे अभिसंधान आता तारांत उतरले होते. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये नव्याने बांधलेली कासवे हजारो लोकांनी पाहिली.

१९४९ मध्ये जॉन बेट्स या मज्जाशास्त्रज्ञाने लंडनच्या एका रुग्णालयात ‘रेशो क्लब’ नावाची बैठक सुरू केली. नॉर्बर्ट वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ १९४८ मध्ये निघाले होते. ते निघण्यापूर्वीच ज्यांच्या मनात तसे विचार आले होते अशांनाच प्रवेश. प्राध्यापकाचे पद असलेल्याला मात्र मज्जाव! अ‍ॅशबी, वॉल्टर आणि गणिती अ‍ॅलन ट्युरिंग हे तिघेही त्या मंडळात होते. प्राध्यापकाला दूर ठेवण्याचा हेतू हाच की, कोणी अधिकारवाणीने बोलू नये आणि मूर्ख वाटणारा प्रश्न विचारण्यास कोणी बिचकू नये. माझ्यासारख्या अध्यापकाने हा नियम मनाला लावून घ्यावा असाच आहे.

येथे एका सावधगिरीचाही उल्लेख केला पाहिजे. कासवाच्या डोक्यावर एक छोटा दिवा होता. आरशासमोर आले की त्याला स्वतःचाच प्रकाश दिसे आणि ते थरथरत तेथेच घुटमळे. एखाद्या प्राण्याने असे केले असते तर त्याला आत्मभान आहे असे आपण म्हटले असते, असे वॉल्टर यांनी लिहिले. या वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. यंत्राला आत्मभान आहे, असा तो लावणे सोपे. परंतु वर्तन पाहून आतल्या हेतूची खात्री देताना आपण किती उतावीळ असतो, हा अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. अचेतनावर चेतनाचे गुण आरोपिले की आपले अलंकारशास्त्र त्याला चेतनगुणोक्ती म्हणते. काव्यात ती भूषण. शास्त्रात मात्र ती कोठे सुरू झाली याचे भान ठेवावे लागते. वरच्या परिच्छेदांत मीही कासवाला ‘दिसते’, ‘हवेसे वाटते’ असे लिहून गेलो आहेच! स्वतःच्या हाताने यंत्र जोडणाऱ्याला हे भान आपोआप येते, कारण कोणती तार काढली की ‘भूक’ नाहीशी होते, हे त्याला ठाऊक असते. हौशी माणसाच्या हातांनी वर्तनशास्त्राला दिलेली देणगी म्हणावयाची ती हीच.

हकीकतीचा शेवट पुस्तकापाशी येतो. १९५३ मध्ये वॉल्टर यांनी ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध केले आणि परिशिष्टांत कासवाच्या रचनेची माहिती देऊन टाकली. ज्याला हौस असेल त्याने करून पाहावे! पुढे त्याची एक प्रत ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे रॉडनी ब्रुक्स नावाच्या शाळकरी मुलाच्या हाती पडली. त्याने ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचे कासव बनविले. हाच मुलगा मोठेपणी अमेरिकेतील ‘एमआयटी’मध्ये यंत्रमानवशास्त्राचा अग्रणी झाला. त्याने सहकाऱ्यांसह काढलेल्या कंपनीने २००२ मध्ये घरातील केर काढणारा ‘रूम्बा’ बाजारात आणला. खाटेच्या पायाला आपटून वळणारे, दमले की विजेच्या खुंटीकडे परतणारे ते यंत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एल्सीची वंशावळ सांगण्याची गरज नाही. एक वाचनीय पुस्तक, त्याला एक परिशिष्ट आणि एक जिज्ञासू मुलगा, एवढ्यावर हे घडले.

आता आपल्याकडे वळू. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याच वातावरणात आपल्या ग्रंथालयाचा जन्म झाला. वाचकाने काय वाचावे हे कोणी ठरवू नये, पुस्तक मात्र त्याच्या हाताशी असावे, ही त्यामागील दृष्टी होती. गेल्या काही वर्षांत शास्त्रविभागाची देवघेव पार रोडावली आहे. ती कपाटे हलवून जागा मोकळी करावी, असा विचार अधूनमधून बोलून दाखविला जातो. जुनी, निरुपयोगी झालेली पुस्तके काढावीत याला माझा विरोध नाही. व्हॉल्व्हचा रेडिओ आज कोण दुरुस्त करणार? परंतु त्यांच्या जागी नवी यावीत आणि कपाटे मात्र राहावीत, अशी माझी नम्र विनंती आहे. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक किती वेळा गेले एवढेच कळते. ते कोणाच्या हाती पडले आणि त्याच्या मनात कशाशी जोडले गेले, हे तिला कधीच कळत नाही.

ते टपाल खात्यातील गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांनी कोणताही शोध लावला नाही, काही प्रसिद्धही केले नाही. त्यांच्या घरी एकदा गेलो असता टेबलावर उघडा पडलेला एक रेडिओ आणि शेजारी आपल्या ग्रंथालयाचा शिक्का असलेले मानसशास्त्राचे पुस्तक मी पाहिले होते. पानात खूण म्हणून तांब्याच्या तारेचा तुकडा घातलेला होता. ‘संबंध काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडले की नाही, मला माहीत नाही. पण तो प्रश्न योग्य होता. दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या आपल्या संस्थेत असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला दोन्ही कपाटे उघडी सापडोत, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.