रोजगार मोजावा कसा, वाढवावा कुठे

भारतातला बेकारीचा दर 2017-18 मध्ये 6.1 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 3.2 टक्क्यांवर आला. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे हे आकडे खोटे म्हणण्याचे कारण नाही. तरीही पोलीस शिपायाच्या भरतीला इंजिनिअर रांगेत उभे असतात. या दोन गोष्टींची सांगड घातल्याशिवाय रोजगाराचे विवेचन पुढे सरकत नाही.

सर्वेक्षणाच्या नेहमीच्या व्याख्येत वर्षातून 30 दिवस काही आर्थिक काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी सून त्यात येते. शिवाय गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. बापाच्या जिवावर दोन-चार वर्षे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता येतो, तोच बेकार म्हणून नोंदला जातो. म्हणून सुशिक्षितांत बेकारी ठळक दिसते, निरक्षरांत नगण्य. बीडकडचे जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाते. दोघांचा मिळून एक कोयता धरतात आणि उचल फिटेपर्यंत तोड चालते. सर्वेक्षणाच्या लेखी दोघेही व्यवस्थित रोजगारात आहेत.

तेव्हा मोजायचे ते काम नसलेल्यांना नव्हे, तर असलेल्या कामातून काय निपजते याला. 2023-24 मध्ये देशातले सुमारे 46 टक्के काम करणारे लोक शेतीत होते आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास होता. हिशेब केला तर शेतीतल्या माणसामागचे उत्पन्न शेतीबाहेरच्या माणसाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे भरते. त्यातही चिंतेची बाब अशी, की शेतीतल्या लोकांचे प्रमाण 2018-19 मध्ये 42.5 टक्क्यांपर्यंत उतरले होते आणि मग उलटे वर चढले. कोविडमध्ये गावी परतलेल्यांना शेतीने सामावून घेतले हे ठीक, पण साथ ओसरल्यावरही 2023-24 पर्यंत हे प्रमाण खाली आले नाही. याच काळात स्वयंरोजगारितांचा वाटा 52 वरून 58 टक्क्यांवर गेला. याला उद्योजकतेची लाट म्हणणारे आहेत. मला त्यात पगारी काम न मिळालेल्यांची गर्दी जास्त दिसते.

आर्थर ल्युइस यांनी 1954 मध्ये मांडलेला सिद्धान्त याच जागेपासून सुरू होतो. शेतीतले जादा हात कारखान्यात गेले तरी शेतीचे उत्पादन फारसे घटत नाही, आणि कारखानदार नफा पुन्हा गुंतवत राहिला तर हे स्थलांतर जादा श्रम संपेपर्यंत चालते. कोरिया, तैवान आणि पुढे चीन साधारण याच वाटेने गेले. सिद्धान्तात एक अट मात्र गृहीत आहे: नफ्यातून येणारे नवे यंत्र आणखी माणसे मागणारे हवे.

आपण ती अट सुरुवातीलाच बाजूला ठेवली. 1956 च्या दुसऱ्या योजनेत महालनोबिस यांनी पोलाद आणि यंत्रनिर्मितीवर भर दिला आणि नेहमीच्या वापराच्या वस्तू बऱ्याच अंशी हातमाग व कुटीरोद्योगांकडे सोपवल्या. मुंबई विद्यापीठातले चं. न. वकील आणि प. रा. ब्रह्मानंद यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. जादा श्रम कामाला लावायचे तर मजुराला लागणारे धान्य-कापड आधी मुबलक हवे, असे त्यांचे म्हणणे. दिल्लीत ते फारसे कोणी ऐकले नाही. पुढे 1967 पासून लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवायला सुरुवात झाली, आणि 47 वस्तूंची यादी वाढत आठशेच्या पुढे गेली. तयार कपडेही त्यात होते. रोजगार वाचवण्याच्या हेतूने केलेल्या या राखणीने सर्वांत जास्त माणसे घेऊ शकणारा धंदा लहानच ठेवला. बांगलादेशाने तयार कपड्यांच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकले, त्यामागचे हे एक मोठे कारण.

गिरण्यांची गोष्टही या संदर्भात नीट वाचली पाहिजे. 1982 च्या संपाने मुंबईचे कापड बुडाले, असे सर्रास बोलले जाते. वास्तविक गिरण्यांची घसरण आधीच सुरू झाली होती आणि कापडाचे काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर सरकत होते. कापड विणले जातच राहिले. प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय आणि ठरलेल्या पाळ्या असलेली नोकरी तेवढी मागे पडली.

रोजगार हमीची जागा वेगळी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, 1972 च्या दुष्काळात राज्यभर रुजलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली महाराष्ट्राची योजना शहरी पगारदारांच्या व्यवसाय करावर उभी राहिली. तिने मजुरीच्या दराला तळ दिला, आणि बांधावर काम मागणाऱ्या बाईला शेतमालकाशी घासाघीस करायला बळ दिले. शेतीबाहेरची वाट काढणे हे तिचे कामच नव्हते.

ती वाट किती रुंद हवी, याचा अंदाज 2023-24 च्या आर्थिक पाहणीत आहे: 2030 पर्यंत दरवर्षी शेतीबाहेर सरासरी 78.5 लाख रोजगार. देशातल्या सर्व नोंदणीकृत कारखान्यांत मिळून 2022-23 मध्ये सुमारे 1.85 कोटी माणसे होती, म्हणजे तेवढी भर दर अडीच वर्षांच्या आतच घालावी लागेल. एकट्या कारखान्यांना ते झेपणार नाही. सध्या हा भार बांधकाम उचलते आहे. तिथली माणसे कारखानदारीपेक्षाही जास्त भरतात, पण इमारत पुरी झाली की नाका गाठायचा.

अशा वेळी सरकारी सवलती कशाला मिळतात हे पाहिले तर गंमत वाटते. 2020 पासूनची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मुख्यतः वाढीव विक्री मोजते, आणि राज्यांची पॅकेजे गुंतवणुकीच्या कोटींवर ठरतात. भांडवल स्वस्त करायचे आणि माणसे का घेत नाही म्हणून विचारायचे, असा हा व्यवहार आहे. तीच सवलत पटावरच्या नव्या कामगारांमागे दिली, तर शिलाई, पादत्राणे, अन्नप्रक्रिया यांसारखे धंदे आपोआप पुढे येतील.

दुसरी अडचण राहण्याची आहे. तमिळनाडूने श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगाल येथे 18,720 स्त्री-कामगारांसाठी वसतिगृह बांधले, त्याचे उद्घाटन ऑगस्ट 2024 मध्ये झाले. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास त्या एकाच राज्यात आहेत. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत भूखंडाचे, विजेचे, पाण्याचे दर जाहीर होतात. परभणीहून येणाऱ्या मुलीने पहिल्या पगारापर्यंत राहायचे कुठे, हे तिच्या घरच्यांवर सोडलेले असते, आणि घरचे बहुधा तिला पाठवतच नाहीत.