लोखंड ओढणं सोपं, सोडवणं अवघड

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईडना एक आलेख मोठ्या उत्साहाने दाखवला. आम्लाच्या टाकाऊ द्रावणातलं जवळपास सगळं लोखंड ऑरगॅनिक थरात गेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता ते परत कसं काढणार?" पुढचे पाच महिने या एका प्रश्नात गेले. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचा इतिहास आधी वाचला असता, तर ते वाचले असते.

१८४२ मध्ये पेलिगोने दाखवलं, की युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये विरघळतं. पुढे १८९२ मध्ये जर्मनीत रोथेने हायड्रोक्लोरिक आम्लातलं फेरिक लोखंड ईथरने वेगळं केलं. तीव्र आम्लात लोखंडाभोवती चार क्लोराइड जमतात आणि ते ईथरमध्ये जातं. नुसत्या पाण्याबरोबर हलवलं, की क्लोराइड कमी पडतं आणि लोखंड परत पाण्यात येतं. म्हणजे इथे स्ट्रिपिंग जवळजवळ फुकट होतं. अट एकच, आम्ल तीव्र हवं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत ओक रिजला सल्फ्युरिक आम्लातून युरेनियम काढायला डीटूईएचपीए वापरलं गेलं. हे रसायन हायड्रोजन आयन सोडून धातूला धरतं, आणि फेरिक लोखंडाला तर फारच घट्ट. त्यामुळे तिथे लोखंड हीच अडचण ठरली. उपाय असा, की आधीच फेरिकचं फेरस करून टाकायचं, कारण फेरसला ते फारसं धरत नाही.

मग जेव्हा लोखंडच परत मिळवायचं असतं तेव्हा? स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांचं मिश्रण वापरतात आणि त्यात लोखंड साचत जातं. जपानमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत हे लोखंड डीटूईएचपीएने ओढलं, आणि सोडवायला अमोनियम बायफ्लोराइड वापरलं. फ्लोराइड लोखंडाला त्याहून घट्ट धरतं. लोखंड अमोनियम आयर्न फ्लोराइडच्या स्फटिकांत बाहेर येतं आणि ते तापवून आयर्न ऑक्साइड मिळतं. उरलेली आम्लं टीबीपीने काढून पाण्याने स्ट्रिप केली, की पुन्हा पिकलिंगला वापरता येतात.

या तीन टप्प्यांत एक सूत्र दिसतं. सौम्य आम्लातूनही लोखंड ओढणारं रसायन ते सहज सोडत नाही. सहज सोडणारं रसायन ओढण्यासाठी तीव्र आम्ल मागतं. एकीकडे वाचवलेला खर्च दुसरीकडे भरावाच लागतो.

माझं नेमकं इथेच चुकलं. मी ९० टक्क्यांच्या पुढचे आकडे बघून रसायन निवडलं, आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लाने ते लोखंड हललंच नाही.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर एक करा. स्ट्रिपिंगचा प्रयोग पहिल्याच महिन्यात लावा. सॉल्व्हंट पुन्हा वापरता येत नसेल, तर आपण लोखंड मिळवलेलं नसतं, फक्त त्याची बाटली बदललेली असते.